पानाबरसचा रस्ता

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार. चंद्रपूर

सकाळी तुरुंगातल्या पिंपळाला जाऊन आलो. दर वर्षी जातो. १८५८ साली आजच्याच तारखेला इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या बाबुराव शेडमाके यांना इथे फाशी दिली. पिवळे झेंडे, ढोल, ‘जय सेवा’चा गजर सगळे नेहमीचे. विधानसभेची आचारसंहिता लागल्यामुळे पुढाऱ्यांचे फलक तेवढे कमी, म्हणून यंदा झाड नीट दिसले. एक म्हातारी बुंध्याला तळहात टेकवून बराच वेळ उभी होती. फोटो काढायला कोणी तिला बाजूला व्हायला सांगितले. ती झाली नाही.

बाबुराव मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले. त्यांना पकडून देण्यात हात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचा, आणि बंडानंतर जप्त झालेली गावे अहेरीच्या पदरात पडली. शाळेत इतिहास शिकवताना मी पहिला भाग रंगवून सांगत असे आणि दुसरा घंटा व्हायच्या बेतात उरकत असे. वर्गात अहेरीकडची मुले असत. हे आता लिहायला हरकत नाही, निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली.

घरी येतो तो संपादकांचा फोन. वार्षिकांकासाठी लेख हवा. विषय : आपल्या भागातला जमीनदार, राजकारणी आणि दानशूर माणूस. ‘शाळा, धर्मशाळा, देणग्या, असं काहीतरी प्रेरक येऊ द्या, गुरुजी.’ मी म्हटले, लाल श्याम शाह. ‘कोण?’ आपले खासदार होते, साहेब. १९६२ ते ६४. ‘काय बांधलं त्यांनी?’ मी म्हटले, बांधले काही नाही, राजीनामा दिला. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

‘बरं, लिहा,’ म्हणाले. ‘पण दान पण येऊ द्या त्यात.’

२२ ऑक्टोबर

चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, खासदारांची यादी उतरवून काढली. १९५२ मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली, १९५७ व्ही. एन. स्वामी, दोघे काँग्रेसचे. १९६२ लाल श्याम शाह, अपक्ष. नेहरूंचा काळ, काँग्रेसने दगड उभा केला तरी निवडून येतो असे म्हणायचे दिवस, आणि चांद्याने अपक्षाला दिल्लीला धाडले. १९६४च्या पोटनिवडणुकीत ताई कन्नमवार. पुढे १९७७ला अहेरीचे राजे विश्वेश्वरराव.

शाह पानाबरसचे गोंड जमीनदार. पानाबरस आज छत्तीसगडात, मोहला–मानपूर–अंबागड चौकी असे लांबलचक नाव असलेल्या नव्या जिल्ह्यात. तिथला माणूस आपला खासदार कसा, हा प्रश्न नव्या नकाशाचा. जुन्या नकाशात पानाबरस, कोराचा, औंधी, अंबागड चौकी या जमीनदाऱ्या चांदा जिल्ह्यातच होत्या. १९०६ साली दुर्ग जिल्हा निघाला आणि त्या तिकडे गेल्या. १९५६ला राज्ये भाषेवर वाटली तेव्हा दुर्ग मध्य प्रदेशात राहिला, आपण मुंबई राज्यात आलो. मधल्या जंगलात गोंडी बोलणाऱ्या माणसाला ही वाटणी कोणी विचारून केली नव्हती. त्याच्या सोयरिकी, बाजार, देव पूर्वीच्याच ठिकाणी.

पत्रकार सुदीप ठाकूर यांनी शाहांवर हिंदीत पुस्तक लिहिले आहे. मराठीत आपण काय लिहिले, याचा शोध कपाटात घेतला. कपाट लवकर आटोपले.

२८ ऑक्टोबर. अहेरी

उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस. पुतण्याकडे आलापल्लीला आलो होतो, तिथून संध्याकाळी इकडे. येताना आष्टीपासून पुढे एस.टी. ट्रकांच्या मागेच. सुरजागडच्या डोंगराचे लोखंड चालले आहे. रस्त्याकडेची सागाची पाने तांबडी झाली आहेत, आणि ही पानगळ नव्हे. बाजूला बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला तो गाव येईपर्यंत काढला नाही.

जमशेटजी टाटांची माणसे १९०३च्या सुमारास याच चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला लोखंड धुंडाळत आली होती. लोखंड सापडले, पण ते वितळवण्याजोगा कोळसा जवळ नव्हता, म्हणून गेली. तेव्हा अहेरीची जमीनदारी चांद्यातली सगळ्यांत मोठी. या जमीनदाऱ्यांचा सगळा जमाखर्च जंगलाचा : सरकारला टाकोळी, म्हणजे ठरीव सारा, भरायची, आणि आत साग, बांबू, तेंदू, मोह, लाख यांवर सत्ता. पश्चिमेकडे वरोऱ्याच्या मालगुजाराकडे शेत असे. इकडच्या जमीनदाराकडे झाड असे. जमीनदार म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकाला ऊस दिसतो, हे लेखात आधीच सांगून टाकले पाहिजे.

आता अहेरीच्या या जमीनदार घरातलेच तिघे विधानसभेला एकमेकांविरुद्ध उभे राहणार : धर्मरावबाबा आत्राम, त्यांची मुलगी भाग्यश्री, पुतणे अंबरीशराव. १९९१ला नक्षलवाद्यांनी आमदार धर्मरावबाबांना उचलून नेले होते तेव्हा सगळा जिल्हा रेडिओला कान लावून बसला होता. आज त्याच जिल्ह्याची मौज चालली आहे. चहावाला म्हणाला, ‘राजाचा वाडा एक, चुली तीन. आमी कोनाच्याबी चुलीवर भात शिजवला तरी तांदूळ वाड्याचाच ना जी.’

चहा उत्तम होता.

१ नोव्हेंबर. चंद्रपूर

लक्ष्मीपूजन. फटाके. काही लिहिले नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज. मूलजवळ, ताईकडे

ताईच्या नातवाने पुन्हा तोच विनोद केला. ‘मामाआजोबा, मामा तलावावर मामा आला!’ त्याला दर वर्षी सांगतो की मामा म्हणजे माजी मालगुजारी. त्याला माझे म्हणणे पटत नाही. तलाव मामाचा असतो एवढे त्याला पुरे आहे, आणि खरे तर मलाही.

दुपारी तलावाच्या पारीवर बसलो. खाली बांध्यांमध्ये धान पिवळे पडले आहे, कापणी सुरू झाली आहे, कडपा वाळत पडल्या आहेत. गावभर ओल्या तणसाचा वास. ताईचा मोठा मुलगा, माझा भाचा, तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, दाखवायला घेऊन गेला. जुने दगडी बांधकाम, त्यातून पाणी झिरपते आहे. सलंगाची, म्हणजे सांडव्याची, भिंतही एका बाजूने खचली आहे. ‘उन्हाळी धानाले पानी रायत नाही मामाजी. दोन वर्षं झाले.’ कोणी दुरुस्त करायचे? ‘झेडपी म्हनते गावानं करा. गाव म्हनते झेडपीचा तलाव हाये.’

गावात सगळे सांगतात की तलाव मालगुजाराने बांधला. आमची आजी सांगायची की तिच्या सासऱ्याने टोपल्या वाहिल्या. दोन्ही खरे. पैसा आणि हुकूम एकाचा, पारीची आखणी तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांची, माती बाकीच्यांच्या डोक्यावरून. मालगुजाराला आम्ही शाळेच्या पुस्तकात शोषक म्हटले आणि ते खोटे नव्हते. बेगार होती, वेळेवर धान न घालणाऱ्याची बांधी जायची. पण दर उन्हाळ्यात गाळ काढायला गाव बाहेर पडायचे ते त्याच्या धाकाने. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरच्या कसणुकीची, जमीन मालकांकडे राहिली, जंगल आणि तलाव सरकारकडे गेले. धाक गेला तसा गाळ काढणेही गेले.

मी चंद्रपुरात तुकूमला राहतो. तुकूम म्हणजे तलाव बांधणाऱ्याला गोंड राजाकडून मिळालेली जमीन, असे जुने लोक सांगत. तलाव बांधा आणि त्याच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन खा. मला हा हिशेब दानाच्या कुठल्याही पाटीपेक्षा सरळ वाटतो : देणाऱ्याने काय दिले आणि कशाबद्दल दिले, दोन्ही पाण्यात दिसते. आज तुकूमला फ्लॅट आहेत आणि टँकर येतो.

रात्री मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. वडशाची नाटक कंपनी, पहाटे चारपर्यंत. झाडीपट्टीच्या नाटकात जमीनदार दोनच : एक सुनेचा छळ करणारा, दुसरा तिसऱ्या अंकात सगळे गरिबांना वाटून मरणारा. आज दुसरा होता. त्याने सातबारा फाडला तेव्हा मंडपात शिट्ट्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘फाडून काय होते? तलाठ्याकडं दुसरा असते.’

६ नोव्हेंबर. मेंढा (लेखा)

माझा एक जुना विद्यार्थी धानोरा तालुक्यात शिक्षक आहे. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आलो. गडचिरोलीहून धानोऱ्याचा हा रस्ता पुढे मुरूमगावावरून छत्तीसगडात मानपूरला जातो, म्हणजे तो पानाबरसचाच रस्ता. वाटेत मेंढा लागते, मग उतरणे आलेच.

गावाबद्दल बाहेर फार लिहिले गेले आहे. गावकऱ्यांना ते पाठ आहे आणि थोडा कंटाळाही आला आहे. निर्णय सर्वांच्या सहमतीने, वेगळा अभ्यासगट, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क, मग स्वतःचा बांबू स्वतः विकणे. मला त्याआधीचे हवे होते. ऐंशीच्या दशकातले ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन मोठी धरणे घाटत होती. बाबा आमटे त्याविरुद्ध उभे राहिले आणि त्यांच्यासोबत, तेव्हा पासष्टीकडे झुकलेले, लाल श्याम शाह. दोन्ही धरणे झाली नाहीत. मेंढ्याचे देवाजी तोफा वगैरे मंडळी याच आंदोलनात तयार झाली.

घोटुलाच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. मी विचारले, तुमचे गाव त्या धरणात बुडणार होते का? ‘नाही जी. आमचं नोहतं डुबत. तिकडलं डुबत होतं.’ मग तुम्ही का गेलात? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मास्तरकी उतरली. ‘तिकडलं डुबत होतं ना,’ पुन्हा तेच म्हणाले, या वेळी जरा सावकाश, कमी ऐकू येणाऱ्याला सांगतात तसे.

शाहांचे नाव त्यांना ऐकून ठाऊक होते. ‘राजा होता म्हनत. खुर्ची सोडून आला म्हनत.’ एवढेच.

२०१३मध्ये या गावाने ग्रामदान केले. सगळी शेते ग्रामसभेच्या नावावर. वहिवाट ज्याची त्याची, पण गावाबाहेर विकता येणार नाही. कायदा ‘महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४’. शाहांनी लोकसभा सोडली ते वर्षही १९६४, आणि चांद्याचे चंद्रपूर झाले तेही त्याच वर्षी. इतिहासाच्या मास्तराला असे योग जुळले की उगाच बरे वाटते. त्यात काही नसते.

७ नोव्हेंबर. मुरूमगाव

सीमेजवळ नाका. गाड्या थांबवून निवडणुकीची रोकड पाहतात आणि धानाची पोतीही. तिकडे छत्तीसगडात धानाला क्विंटलला ३,१०० रुपये, इकडे हमीभाव २,३०० आणि वर बोनसची आशा. साहजिकच धान पूर्वेकडे चालते. विद्यार्थी म्हणाला, ‘सर, जमीनदारीच्या काळात लोक पळून या राजाच्या हद्दीतून त्या राजाच्या हद्दीत जायचे. आता पोती जातात.’ हा मुलगा नववीत सनावळ्या चुकवायचा.

पुढे जायचे होते. गुडघ्याने नकार दिला. खड्ड्यांनी त्याची बाजू घेतली. नाक्यापाशीच चहा घेतला आणि पूर्वेकडच्या जंगलाकडे पाहत बसलो. शाहांच्या निवडणुकीत हा रस्ताही नसेल. आणि तरी या भागातल्या लोकांनी, ज्यांना दिल्ली कुठे आहे ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, एका माणसाच्या नावापुढे शिक्का मारला. जमीनदारी जाऊन अकरा वर्षे झाली होती. मते भीतीने पडली असे म्हणायला जागा उरत नाही. जुनी ओढ म्हणावी, तर इतर कितीतरी जमीनदार त्या वेळी काँग्रेसमध्ये जाऊन सुखात बसले होते. शाह गेले नाहीत. १९६० साली रायपूरला काँग्रेसची बैठक भरली तेव्हा हे हजारो आदिवासींना घेऊन तिथे हजर झाले, जमीन आणि जंगल मागायला.

परतताना विद्यार्थ्याला विचारले, राजीनामा का दिला माहीत आहे? ‘निर्वासितांमुळे ना सर?’ म्हणाला. बरोबर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवण्यासाठी केंद्राने १९५८ला दंडकारण्य प्रकल्प काढला होता. आदिवासींच्या जंगलात त्यांना न विचारता दुसऱ्यांना जमीन द्यायची, याला शाहांचा विरोध होता. दिल्लीत कोणी ऐकेना, तेव्हा खासदारकी टाकून ते परत आले.

इथपर्यंत गोष्ट मला फार आवडायची.

११ नोव्हेंबर. मुलचेरा तालुका

आवडेनाशी झाली त्याला कारण माझा एक जुना सहकारी. गणिताचा शिक्षक, बंगाली. आम्ही अकरा वर्षे एका स्टाफरूममध्ये बसलो. या तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांची गावे लागतात. घरांपुढे पुकुर, म्हणजे तळे, त्यात मासे, तुळशीवृंदावन, आणि दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत, गिऱ्हाईक निघून गेल्यावर बायकोशी बंगालीत. मी आलो म्हणून मासे रांधले होते. वहिनींनी वाढताना काटा कुठे आहे ते दर वेळी दाखवले, जणू मी पहिल्यांदाच खातो आहे.

जेवल्यावर लेखाचे सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘माझे बाबा इथे आले तेव्हा मी आईच्या कडेवर. जंगल तोडून जमीन दिली सरकारने. वाघ, मलेरिया. पहिल्या पावसात शेजारचे दोघे गेले. तुमचे शाहसाहेब चांगलेच असतील. पण आम्ही कुठे जायला पाहिजे होतं, सर?’

मी काही बोललो नाही. तो रागावला नव्हता. गणित घालावे तसे घालून गप्प बसला.

बसमध्ये येताना विचार करत होतो. शाह चुकले असे मला म्हणवत नाही. ज्यांचे जंगल, त्यांना कोणी विचारले नव्हते, हे खरेच. आणि विचारायची जबाबदारी निर्वासिताची नव्हती, दिल्लीची होती. शाहांचे भांडण दिल्लीशी होते. पण भांडणाच्या मधोमध कडेवरचे ते पोर होते, आणि आमच्या लेखांतून, सभांतून, पिंपळाखालच्या भाषणांतून ते पोर वगळले जाते. लेखात ते येईल. संपादक ‘प्रेरक’मध्ये कुठे बसवतात ते त्यांनी पाहावे.

१४ नोव्हेंबर. वरोरा

दानाचा भाग. त्यासाठी वरोऱ्याला येणे भागच होते.

बाबा आमट्यांना सगळे जग कुष्ठरोग्यांचे बाबा म्हणून ओळखते. आमच्या लहानपणी वरोऱ्यातले म्हातारे त्यांना ‘गोरज्याच्या मालगुजाराचा पोरगा’ म्हणत. १९१४ला हिंगणघाटात जन्म, शिकून वकील, शिकारीचा नाद, मोटारीचा नाद. वरोऱ्यात वकिली, नगरपालिकेचे उपाध्यक्षपद. सफाई कामगारांची बाजू घेतली, आणि मग स्वतःच डोक्यावर मैल्याची टोपली घेतली. उपाध्यक्षाने टोपली उचलली तेव्हा सभ्य वरोऱ्याला काय वाटले असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. एके रात्री पावसात गटाराकाठी पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला, बाबा घाबरून पळाले, आणि त्या पळण्याची लाज त्यांना जन्मभर पुरली. १९५१ला सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू झाले.

ज्या वर्षी कायद्याने मालगुजारी काढून घेतली, त्याच वर्षी मालगुजाराचा मुलगा खडकात विहीर खणत होता. आज आनंदवनात फिरताना तळी, झाडी, माग, कार्यशाळा दिसतात. अभ्यागत फोटो काढतात. मी त्या पहिल्या विहिरीपाशी थोडा वेळ थांबलो.

इथे बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली, आणि ती मला तितकीशी सुखाची नाही. शाहांनी खासदारकी सोडली, बाबांनी वतन सोडले. दोघेही थोर, यात वाद नाही. पण दोघांकडेही सोडण्याजोगे काही होते. पाठीशी सीर-खुदकाश्त असलेल्या माणसाला राजीनामा लिहिताना उद्याच्या भाताची काळजी नसते. आमच्या आजीच्या सासऱ्याने काय सोडायचे होते? टोपली?

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवले. दीड एकराचे धनी, दलित, शाळा तिसरी-चौथीची. शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून १९८३पासून वर्षानुवर्षे पेरत निवडत गेले आणि त्यातून एक बारीक, सुवासिक तांदूळ काढला. तेव्हा एचएमटी घड्याळांचे अप्रूप होते, म्हणून नाव एचएमटी. आज तो तांदूळ कितीतरी राज्यांत पिकतो. बियाणे मूठमूठ करून गेले. २०१८ला ते वारले. संपादकांच्या व्याख्येत ते बसत नाहीत : ना जमीनदार, ना पुढारी. दानशूर म्हणावे तर त्यांनी दान केलेच नाही. बियाणे मागितले, दिले. आनंदवनातून निघताना जेवणाच्या पंगतीत भात वाढला तो एचएमटी होता की काय, हे विचारायचे राहिले.

२० नोव्हेंबर. चंद्रपूर

मतदान. सकाळी सातलाच रांगेत. आमच्याकडे सहापर्यंत वेळ, अहेरी–आरमोरी–गडचिरोलीत तीनलाच बंद. जंगलातून पेट्या उजेडी बाहेर काढायच्या असतात. बोटाची शाई या वेळी फार काळी लावली.

आजची तारीखही चांद्याची. २० नोव्हेंबर १९६२ला मा. सां. कन्नमवार मुख्यमंत्री झाले. चीनच्या आक्रमणात तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि वर्तमानपत्रे विकून वाढलेला चांद्याचा माणूस मुंबईच्या खुर्चीवर बसला. वर्षभर, चार दिवस वर. २४ नोव्हेंबर १९६३ला पदावर असतानाच गेले. पुढच्याच वर्षी शाहांनी सोडलेल्या जागेवर कन्नमवारांच्या पत्नी ताई निवडून आल्या.

एकाच काळातली चांद्याची ही दोन माणसे शेजारी ठेवून पाहतो. जमीनदार खुर्ची सोडून गेला. गरीब घरचा माणूस मरेपर्यंत कामाला बसून होता. आम्हा मास्तर लोकांना पहिला जवळचा वाटतो, कारण त्याची गोष्ट भाषणात चांगली सांगता येते. कन्नमवारांचे राजीनामापत्र नाही, म्हणून त्यांच्यावर नाटकही नाही. विदर्भात काय आले आणि काय आले नाही याचे सगळे हिशेब मात्र त्यांच्या नावावर टाकतात. शाहांच्या नावावर कोणी काही टाकत नाही. जो निघून गेला त्याच्याकडे बाकी उरत नाही.

पण हेही पुरते खरे नाही. निघून गेलेला माणूस वीस वर्षांनी बाबा आमट्यांसोबत पुन्हा त्याच जंगलात फिरत होता. घरी जाऊन बसला असता तर माझा मुद्दा पक्का झाला असता. १० मार्च १९८८ला गेला तोवर त्याने मला ती सोय ठेवली नाही.

२३ नोव्हेंबर

निकाल. अहेरीत धर्मरावबाबा. चहावाल्याची आठवण झाली.

२६ नोव्हेंबर

लेख काल पाठवला. आज संपादकांचा फोन. आवडला, पण शीर्षकात ‘दानशूर’ हवे, बंगाली शिक्षकाचा परिच्छेद ‘जरा नाजूक’ आहे, आणि शाहांचा एखादा फोटो, शक्यतो फेट्यातला. मी म्हटले, परिच्छेद राहू द्या, बाकी तुम्ही बघा. फेट्यातला फोटो माझ्याकडे नाही. ‘मग तलावाचा चालेल?’ त्यांनीच विचारले. चालेल म्हटले.

संध्याकाळी भाच्याचा फोन. धान चुरून झाले, पोती यंदा बरी झाली. पण तुडुमापाशी परवा मोठे भगदाड पडले आणि तलाव उतरू लागला आहे. रात्री वीस-पंचवीस जणांनी रेतीची पोती टाकून तात्पुरते बुजवले. ‘पक्कं कराले अर्ज द्यावा लागन मामाजी. तुमी लिहून द्या, तुमचं मराठी चांगलं हाये.’

कागद घेऊन बसलो. ‘प्रति,’ लिहिले. पुढे जिल्हा परिषद लिहायचे, की ग्रामसभा, की जलसंधारणाचे कोणते कार्यालय, ते समजेना. तलाव कागदोपत्री नक्की कोणाचा, हे विचारायला भाच्याला पुन्हा फोन लावला. तो पारीवर होता. पाण्याचा आवाज येत होता, त्यामुळे मला त्याचे बोलणे ऐकू आले नाही.